आवाज बंद होता तेव्हा

जानेवारीच्या शेवटी माझा आवाज बसला आणि बसलेलाच राहिला. आधी वाटलं कॅरल्सचा ताण असेल, होईल बरा, मग हळदीचं दूध, ज्येष्ठमध, वाफ, सगळं करून झालं. शेवटी डॉक्टरांनी नाकातून स्कोप घालून स्क्रीनवर दाखवलं, दोन्ही स्वरतंतूंवर एकेक गाठ, तांदळाच्या कणीएवढी. ऑपरेशन लागणार नाही म्हणाले, पण तीन आठवडे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, कुजबुजायचं तर अजिबातच नाही कारण त्यानं जास्त ताण येतो, आणि गाणं ईस्टरपर्यंत विसरायचं.

मी बावीस वर्षं आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये गातेय. आमच्या वसईत प्रार्थना म्हणजे आवाजच असतो खरं तर. रोज संध्याकाळी घरी रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळेवरची प्रार्थना, सगळे मोठ्यानं म्हणणार, एकानं 'नमो मरिया' सुरू करायचं आणि बाकीच्यांनी पुढचं उचलायचं, आजूबाजूच्या घरांतूनही तोच आवाज येतोय. कॉलेजमध्ये असताना तर लोकल पकडून दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल्स चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे मरियामातेच्या खास प्रार्थनेला, जायचो, १९४८ पासून चालू आहे तो नोव्हेना, आणि तिथली गर्दी ज्यानं बघितलीय त्यालाच कळेल मी काय म्हणतेय. माझी भक्ती सगळी घशातून निघायची. त्यामुळे घसाच बंद झाल्यावर रोझरीला नुसती मणी सरकवत बसले आणि तिसऱ्या दिवशी मला तिथे बसवेना, रडूच यायला लागलं. सगळे देवाशी बोलतायत आणि मीच तेवढी बाहेर, असं वाटायचं.

म्हणून दुपारी एकटीच चर्चमध्ये जायला लागले.

आमच्या चर्चला बाजूला एक छोटं चॅपल आहे. तिथे मंजूषा आहे, म्हणजे मिस्सात (आमच्या मुख्य उपासनेत) पवित्र केलेला ख्रिस्तप्रसाद ज्या पेटीत ठेवतात ती, आणि बाजूला लाल काचेतला दिवा. तो दिवा कायम पेटता असतो, आत पवित्र साक्रामेंत, म्हणजे तो ख्रिस्तप्रसाद, आहे याची ती खूण, हे मी लहानपणी धर्मशिक्षणात पाठ केलेलं. आम्हा कॅथलिकांचा विश्वास आहे की तिथे येशू खरोखर आहे, आठवण म्हणून नाही, चिन्ह म्हणूनही नाही. हे मी आयुष्यभर मानत आले पण त्याच्यासमोर गप्प बसून कधी राहिले होते? महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमच्याकडे आराधना असते, मॉन्स्ट्रन्स नावाच्या काच असलेल्या पात्रात ख्रिस्तशरीर वेदीवर ठेवतात, तासभर लोक बसतात आणि शेवटी धूप, 'तांतुम एर्गो' आणि आशीर्वाद. ते गीत संत थॉमस अक्वायनसच्या रचनेतलं, तेराव्या शतकातलं, आणि मी ते लॅटिनमध्ये पाठ म्हणते. पण आम्ही क्वायरवाले यायचो शेवटच्या दहा मिनिटांत. त्याच्या आधीचा तास मी बावीस वर्षांत एकदाही पूर्ण बसले नव्हते, हे त्या चॅपलमध्ये बसल्यावर लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं.

पहिले काही दिवस काहीच जमलं नाही, खरं सांगते. पंखा कुरकुर करायचा, बाहेरून एसटीचा हॉर्न, आणि माझ्या डोक्यात गॅस बुक केला का, मुलाच्या क्लासची फी, हेच. डोळे मिटले की झोप यायची. बोलता येत नव्हतं तरी मनातल्या मनात मी बडबडतच होते, ज्या वेगानं रोझरी म्हणतो त्याच वेगानं. घड्याळ बघायचे तर जेमतेम सात मिनिटं झालेली असायची.

तिथे एक आजी यायच्या. आता आमच्याकडे फार थोड्या बायका लाल लुगडं नेसतात, त्यातल्या एक. चॅपलच्या दाराशी चप्पल काढायच्या, डोक्यावरून पदर घ्यायच्या, भिंतीचा आधार घेत हळूहळू एक गुडघा टेकायच्या (त्याला त्यांना किती वेळ लागायचा!) आणि बाकावर येऊन बसायच्या. हातात जपमाळ नाही, पुस्तक नाही. ओठही हलत नसत. नुसत्या मंजूषेकडे बघत बसायच्या, एखादी बाई संध्याकाळी ओट्यावर घरच्या माणसासोबत बसते ना, तशा. एकदा त्यांनी मला काहीतरी विचारलं, मी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली, त्यांनी एकदा माझ्याकडे नीट बघितलं आणि बाकावर आपल्या बाजूला हातानं थोपटलं. मी जाऊन बसले. त्यानंतर रोज आम्ही दोघी शेजारी बसायचो.

फ्रान्समधल्या आर्स गावच्या शेतकऱ्याची गोष्ट आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. तिथले धर्मगुरू संत जॉन व्हियानी यांनी त्याला विचारलं, तू इतका वेळ मंजूषेसमोर बसून काय करतोस, तर तो म्हणाला, मी त्याच्याकडे बघतो आणि तो माझ्याकडे बघतो. कॅथलिक चर्चच्या श्रद्धाग्रंथातसुद्धा, मूक प्रार्थनेबद्दल जिथे लिहिलंय तिथे हे वाक्य आहे. मी ते प्रवचनात कितीदा ऐकलंय. पण त्यातला दुसरा भाग मी कधी गंभीरपणे घेतलाच नव्हता. तो माझ्याकडे बघतो. म्हणजे मी काही केलं नाही, गायले नाही, मागितलं नाही, तरी कोणीतरी माझ्याकडे बघत बसलंय, आणि त्याला घाई नाही. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी हे मला एकदम आतून जाणवलं आणि मनातली बडबड थांबली. फार वेळ नाही थांबली, पण थांबली.

आणि त्या शांततेत काय आलं, तर माझ्या भावाचं नाव.

वाडीच्या वाटणीवरून चार वर्षं आम्ही बोलत नव्हतो. आमच्याकडे जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून किती घरांत हे झालंय ते वसईकरांना सांगायला नको. चार वर्षं मी रविवारी वर माडीवर उभी राहून गात होते आणि खाली पाचव्या बाकावर तो बसलेला असायचा, आणि मी बरोबर दुसरीकडे बघून गायचे. माझ्या गाण्यानं ते झाकून टाकलं होतं. एलिया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर देव सोसाट्याच्या वाऱ्यात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही, त्यानंतर आलेल्या अगदी मंद स्वरात भेटला, हे वाचन मी स्वतः चर्चमध्ये वाचलंय. पण तो मंद स्वर काही गोड-गोड बोलेल असं मी उगाच गृहीत धरलं होतं. मला त्यानं फक्त एक नाव सांगितलं. आणि मला तर फोनही करता येत नव्हता, अजून पाच दिवस बोलायची बंदी होती. ते पाच दिवस मी रोज त्याचं नाव घेऊन तिथे बसले.

सहाव्या दिवशी फोन केला, त्यानं उचलला नाही. मग दोन दिवसांनी त्याचा आला. माझा आवाज ऐकून म्हणाला, तुला काय झालंय? वाटणीचा विषय अजून तसाच आहे, पण आता फोन होतात.

मग पवित्र सप्ताह, ईस्टरआधीचा आठवडा, आला. गुरुवारच्या मिस्सात 'ग्लोरिया' या स्तुतिगीताला सगळ्या घंटा वाजतात आणि मग ईस्टरच्या रात्रीपर्यंत एकही घंटा नाही, लाकडाची खटखट तेवढी वाजवतात. आलेलुयाचा जयघोष तर ईस्टरआधीच्या सगळ्या उपवासकाळात बंदच असतो. बावीस वर्षं हे मी क्वायरच्या फाइलीतून पाहिलं होतं, यंदा पहिल्यांदा कळलं की ख्रिस्तसभासुद्धा, म्हणजे अख्खं चर्चच, आपला आवाज आवरून बसते. मिस्सानंतर साक्रामेंत दुसऱ्या वेदीवर नेतात आणि लोक रात्री तिथे जागतात, कारण अटकेच्या रात्री गेथसेमनीच्या बागेत येशूनं शिष्यांना विचारलं होतं की तुम्हाला एक तासही माझ्यासोबत जागता आलं नाही का. मी बसले. पूर्ण तास बसले, घड्याळ न बघता.

आणि शुक्रवारी सकाळी चॅपलमध्ये गेले तर मंजूषेचं दार सताड उघडं, आत काही नाही, लाल दिवा विझलेला. दरवर्षी तसंच असतं. पण दोन महिने त्या दिव्यासमोर बसल्यावर ती विझलेली काच बघून माझ्या पोटात खड्डा पडला, कोणाच्या घरी जावं आणि ते माणूसच नसावं तसं. तिथे खरोखर कोणीतरी राहतं हे मला त्या रिकाम्या पेटीनं पटवलं.

आता आवाज आलाय, गाते पुन्हा, जपून गाते. ऑफिस दादरला आहे तर सुटल्यावर कधी पोर्तुगीज चर्चमध्ये जाते, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखलेलं ते, स्टेशनच्या त्या गोंधळातून आत शिरलं की थोड्या वेळानं कानच शांत होतात. पण बरीच चर्चेस दुपारी कुलूपबंद असतात याचं मला मनापासून दुःख आहे. चोऱ्या होतात हे मान्य. तरी १९८३च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम ९३७मध्ये स्पष्ट लिहिलंय की जिथे साक्रामेंत ठेवलंय ते चर्च, तसंच काही गंभीर कारण नसेल तर, रोज निदान काही तास तरी लोकांना प्रार्थनेसाठी उघडं ठेवायचं. आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) चर्च बंद असेल तर फादरना जाऊन भेटा, वाटल्यास आळीपाळीनं बसायला माणसं द्या. आमच्याकडे आता आम्ही सहा जणी आहोत.

माझा वार मंगळवार, त्या दिवशी घरूनच काम असतं. साडेतीनला बाजूचं दार उघडते. आजी बहुतेक वेळा माझ्या आधीच येऊन बाहेर उभ्या असतात, चप्पल काढून.