२६ जूनचा फळा

शाळा सुरू होऊन वह्यांना कव्हरं घालून व्हायच्या आत शाहू जयंती यायची. सकाळी प्रभातफेरी, पाऊस हमखास, पुढं लेझीमवाल्या पोरी, मागं हलगी, आणि रेनकोट घालायचा नाही म्हणून सरांचा दम (युनिफॉर्म दिसला पाहिजे ना!), असं भिजत भिजत कोल्हापूरच्या दसरा चौकात. पुतळ्याला हार घालायला सगळ्या शाळांची गर्दी. तिथली मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग महाराजांच्या पाठबळानं उभी राहिली हे नंतर कळलं, तेव्हा आम्हाला ती पाऊस वाढला की आडोशाला पळायची जागा म्हणूनच माहीत.

परत आलो की हॉलमध्ये भाषणं. 'कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली' हे वाक्य जो उठेल तो म्हणायचा, मग १९०२ चं पन्नास टक्के आरक्षण, राधानगरी धरण, खासबाग मैदान, सगळं तोंडपाठ. मागची रांग पेंगायला लागायची.

खरी मजा बाहेरच्या फळ्यावर. दिनविशेष लिहिणारे आमचे सर जयंतीदिवशी पण बाकीच्यांना सोडायचे नाहीत. वर रंगीत खडूनं महाराज, खाली १९४५, सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर ५० देशांच्या सह्या, त्यात भारत पण, आणि तेव्हा आपण अजून इंग्रजांच्या राज्यात! मग १९७५, आणीबाणी. ह्या ओळीवरून दरवर्षी वाद, एक बाई म्हणायच्या ती २५ ची, सर म्हणायचे सही २५ च्या रात्रीची, पण इंदिरा गांधींनी रेडिओवर सांगितलं २६ ला सकाळी, मी स्वतः ऐकलंय.

आणि १८८८, संगीत नाटकातले गायक-नट बालगंधर्व यांचा जन्म. एरवी दिनविशेष म्हणजे तारीख एक म्हणून कुणालाही कुणाशेजारी बसवायचं, संबंध काय तर शून्य. पण हितं तसं नाही. नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, गोड गळ्याचा पोरगा, कानाचं दुखणं मागं लागलेलं, त्याला महाराजांनी मिरजेला दवाखान्यात पाठवून बरं करवलं, मग १९०५ ला पोरगा किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला आणि पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. गाणाऱ्याचा कानच गेला असता तर काय घ्या! सरांनी हे एकदा फळ्यापुढं उभं राहून सांगितलं आणि वर एक नाट्यपद म्हणून दाखवलं, वरच्या सुरात आवाज फाटला तरी टाळ्या लई पडल्या.

आता आमच्या पेठेतलं मंडळ जयंतीला मोठ्ठा डिजिटल बोर्ड लावतंय, त्यावर महाराज एक आणि कार्यकर्ते पंचवीस. मी ग्रुपवर टाकलं, कोपऱ्यात बालगंधर्वांचा पण एक फोटो घ्या की, त्यांचा पण वाढदिवस आहे. तर एकाचा रिप्लाय, ते पुण्यातलं थेटर न्हवं? म्हटलं भावा, ते थेटर पण १९६८ ला २६ जूनलाच उघडलंय. त्यावर नुसता अंगठा आला. यंदा फोटो लागतोय का बघू.