तीन विती: यवतेश्वरच्या उतारावरचे ड्रॉप

डिसेंबरातला रविवार. सकाळी सहाला साताऱ्याच्या राजवाड्यावरून सायकलवर निघालो, समर्थ मंदिरापाशी यवतेश्वरचा घाट धरला. घाटात दम लागण्यापलीकडे काही घडलं नाही. वर चहा घेतला आणि कासचा डांबरी रस्ता सोडून कडेच्या गुरांच्या वाटेला लागलो.

या दिवसांत नाचणी-वरईची वावरं मोकळी असतात. एका वावरातून खालच्यात उतरताना दगडी ताली लागतात. कुठं वीतभर, कुठं दोन विती, एखादी थेट कमरेएवढी. ड्रॉप, म्हणजे सायकलवर बसूनच अशा काठावरून खाली उतरणं, शिकायला यापेक्षा सोयीची जागा मला तरी माहीत नाही. माझी सायकल २९ इंची चाकांची, पुढे १०० मिलिमीटरचं सस्पेन्शन, मागे काही नाही.

वीतभराच्या तालीवर आधी दहा-बारा वेळा उतरलो. सीट पार खाली, दोन्ही पायडल एका पातळीत, गुडघे-कोपर सैल. पुढचं चाक काठावरून सुटताना हँडल पुढे ढकलायचं, म्हणजे नाक खाली जात नाही. वेग अगदीच कमी पडला तर पुढचं चाक गपकन खाली बसतं आणि आपण हँडलवरून पुढे. दोन वितींचीही जमली. खाली उतार असेल तर चाक जमिनीला अलगद लागतं, धक्का जाणवतही नाही.

तिथंच चुकलो. जमतंय म्हटल्यावर कमरेएवढीवर गेलो. खाली काय आहे ते काठावरून वाकून बघितलं होतं, पण नांगरट नसलेली, कडक, सपाट जमीन बघूनही त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही. तोल गेला नाही, पडलोही नाही. दोन्ही चाकं एकदम आदळली आणि खालून ‘खट्’ असा कोरडा आवाज आला. पुढच्या चिमट्याच्या नळीवरची रबरी रिंग पार वर जाऊन टेकली होती, म्हणजे सस्पेन्शन होतं तेवढं सगळं दबलं होतं. मागच्या ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. रिमची कड बसलेली.

ट्यूब बदलत होतो तर वरून एक आजी आल्या. “आरं, ताल ढासळंल की! दगूड कोण रचणार?” काठाचे दोन दगड खरंच निसटले होते. आधी ते बसवले, मग पंप काढला. तिथं जाणार असाल तर वावराच्या मालकाला विचारूनच जा, आणि सुट्या दगडांच्या तालीवरून उडी नकोच. कासच्या पठारावर तर सायकल वाटेबाहेर घालायचीच नाही.

साताऱ्यात मिस्त्रींनी चाकाचा आउट (वाकडेपणा) काढता काढता विचारलं, “पुस्तक वाचलं होतं का गाडीचं?” नव्हतं. घरी येऊन काढलं. सायकलींच्या वापराचे वर्ग ठरवणाऱ्या एएसटीएम एफ २०४३ मापदंडात माझी गाडी तिसऱ्या वर्गात बसते: ड्रॉप ६१ सेंटिमीटरपर्यंत. दुसऱ्या वर्गाला १५, चौथ्याला १२२. माझी वीत २१ सेंटिमीटरची, म्हणजे तीन विती झाल्या की हद्द संपली. कमरेएवढी ताल मीटरभराची होती. तिथून पडणारं चाक ताशी १६ किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीला भेटतं, आणि सपाटीवर तो सगळा वेग एका क्षणात जिरवावा लागतो. सायकलवाल्याच्या वजनाची मर्यादाही त्याच पुस्तकात असते. पाठीवरची पिशवी त्यात धरा.

दुसरी गोष्ट मिस्त्रींनी दाखवली. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवायची. हँडलखाली टकटक लागली तर चिमट्याच्या मानेतले बेअरिंग तपासून घ्यायचे. मग फ्रेमची खालची नळी पुढच्या मानेला जिथं जोडलेली असते तिथं ओल्या फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात बघायचं. रंगावर केसाएवढी रेघ दिसली तरी गाडी चालवायची नाही. अॅल्युमिनियमची फ्रेम एका दणक्यात तुटेलच असं नाही, पण बारीक धक्के तिच्यात साठत जातात. मोडते ती एखाद्या साध्याच दिवशी.

मोजपट्टी कोण नेतो? मी आता चाकच तालीला टेकवून उभं करतो. माझं चाक टायरसकट साधारण ७४ सेंटिमीटरचं. तालीचा काठ टायरच्या वरच्या टोकापासून आठ बोटं तरी खाली, म्हणजे ६१ सेंटिमीटरच्या आत असला आणि पलीकडे उतार असला, तर उतरतो. नाहीतर सायकल खांद्यावर. परवा त्याच वाटेवर ती तीनदा खांद्यावर घ्यावी लागली. तिसऱ्या वेळी आजी वरून बघत होत्या.