फॉस्फोरिलेजचे क्रम एकाखाली एक मांडताना

स्नायूत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून ग्लुकोजचा एकेक घटक फॉस्फेटच्या साहाय्याने सोडवून घेणारे विकर म्हणजे ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज. सशाच्या स्नायूतील या विकराची ८४२ अमिनो आम्लांची साखळी १९७७ साली थेट प्रथिनाचे तुकडे करून वाचली गेली. पुढे माणूस, यीस्ट, बटाटा आणि ई. कोलाय जिवाणू यांच्या या विकरातील अमिनो आम्लांचे क्रमही हाती आले. गेल्या आठवड्यात मी हे सारे क्रम संगणकावर एकाखाली एक मांडून पाहत होतो.

या मांडणीत प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक अक्षर असते; सगळ्या ओळींत तेच अक्षर आले की त्या रकान्याखाली चांदणी उमटते. सुरुवातीला चांदण्या विरळ आहेत. ६८० व्या जागी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या आसपास मात्र त्या दाट होतात. या लायसिनला ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेला पायरिडॉक्सल फॉस्फेट जोडलेला असतो. गंमत अशी की, त्यावर चालणारी बहुतेक विकरे त्याचा आल्डिहाइड गट वापरतात, तर हे विकर त्याच्या फॉस्फेटवर काम भागवते. असली आडवळणाची युक्ती जिवाणूपासून माणसापर्यंत जशीच्या तशी टिकावी, याचे मला अजूनही नवल वाटते.

१४ व्या जागच्या सेरीन या अमिनो आम्लाचे तसे नाही. त्यावर फॉस्फेट बसला की स्नायूतील विकर कामाला लागते, हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी दाखवले आणि त्यांना १९९२ चे नोबेल मिळाले. बटाट्यात व ई. कोलायमध्ये ही सोयच नाही. यीस्टमध्ये फॉस्फेट बसतो, पण वेगळ्या ठिकाणी, थ्रिओनिनवर. म्हणजे मूळ अभिक्रिया प्राचीन असून तिच्यावरचे नियंत्रण निरनिराळ्या वंशांत नंतर स्वतंत्रपणे आले असावे, असे माझे मत झाले आहे.

ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये वर्णिलेल्या स्नायुविकारात हेच विकर नसते. त्यातील एका नेहमीच्या उत्परिवर्तनात आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या सीजीए या जनुकीय संकेतातले पहिले अक्षर बदलून टीजीए हा ‘थांबा’ सांगणारा संकेत होतो आणि साखळी तिथेच थांबते. हे स्थान जुन्या लेखांत ४९ वे, तर नव्यांत ५० वे आहे, कारण आता आरंभीचे मेथिओनिनही मोजतात, जे तयार प्रथिनात उरत नाही. माझीही मोजणी याच कारणाने एक घर चुकली होती. ६८० व्या जागी लायसिनऐवजी मेथिओनिन पाहून मी बराच वेळ फाइललाच दोष देत बसलो.