साजोर-काजू की पल्मोनेरियस?

"स्पॉनच्या (अळंबीच्या बियाण्याच्या) पिशवीवर प्लुरोटस साजोर-काजू लिहिलंय, तुम्ही मात्र प्लुरोटस पल्मोनेरियस म्हणता. नाव बदललं का? आणि ही नावं सारखी का बदलतात?" धिंगरीची (ऑयस्टर मशरूमची) लागवड शिकायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी शिताके ही जपानी अळंबी घेऊ, कारण तिचं नाव खरोखर बदललं. इंग्रज बुरशीशास्त्रज्ञ माइल्स बर्कली यांनी १८७७ साली तिला अ‍ॅगॅरिकस एडोडस म्हटलं. त्या काळी टोपीखाली पाती असलेल्या बहुतेक अळंब्या अ‍ॅगॅरिकस या प्रजातीतच टाकत (नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा). पुढे ती लेंटायनसमध्ये गेली. १९७०च्या दशकात लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातले डेव्हिड पेगलर यांनी तिला तिथूनही बाहेर काढलं. लेंटायनसच्या अंगात जाड भिंतीचे चिवट तंतू असतात, शिताकेत ते नाहीत. म्हणून ती लेंटिन्युला झाली. पण 'एडोडस' कायम राहिलं, कारण प्रजाती बदलली तरी जातीचं नाव टिकवायचं, असा नियम आहे. नावापुढे आजही आधी कंसात बर्कली आणि मग पेगलर लिहितात: कुणी नाव दिलं, कुणी हलवलं, दोन्ही तिथेच कळतं. मला ही पद्धत फार आवडते.

धिंगरीचं तसं नाही. साजोर-काजू हे तिचं नाव कधी नव्हतंच. स्वीडनचे बुरशीशास्त्रज्ञ एलियास फ्रीस यांनी १८२१ च्या एकाच ग्रंथात साजोर-काजू आणि पल्मोनेरियस अशी दोन नावं दिली, दोन वेगळ्या अळंब्यांना. खरी साजोर-काजू उष्ण प्रदेशातली, चिवट, देठावर कडं असलेली. ती आज लेंटायनसमध्ये आहे. १९७०च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याशी सापडलेल्या धिंगरीची ओळख चुकून साजोर-काजू अशी पटवली गेली आणि स्पॉनबरोबर ते नाव जगभर पोचलं. पुढे संकर करून पाहिल्यावर ती पल्मोनेरियसशी जुळली. तुमच्या बेडवरच्या धिंगरीचा देठ बघा, कडं दिसणार नाही.

हे ठरवणारं एखादं कार्यालय असेल, असं अनेकांना वाटतं. नियम आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरतात; २०१३ पासून बुरशीच्या नव्या नावाला नोंदणी क्रमांकही लागतो. पण कोणती अळंबी कुठल्या प्रजातीत बसते, हे संशोधक पुराव्यानिशी मांडतात आणि बाकीचे ते स्वीकारतात किंवा नाकारतात. त्याला वर्षं लागतात, पिशवीवर छापून यायला आणखी वर्षं.

"नावच ना, काय फरक पडतो?" हे मात्र मला पटत नाही. भाताचा पेंढा, तापमान, ओलावा यांवरचं आपल्याकडचं कितीतरी काम साजोर-काजू या नावाखाली छापलेलं आहे. नुसतं पल्मोनेरियस शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते सापडणारच नाही. आणि लेंटायनस साजोर-काजू शोधणारा भलत्याच अळंबीची माहिती वाचत बसेल. म्हणून स्पॉन तयार करणाऱ्यांना मी सांगते, पिशवीवर पल्मोनेरियस लिहा आणि खाली बारीक अक्षरात, 'पूर्वी साजोर-काजू या नावाने विकली जात असे'.