सात नंबरची प्लेट

सात नंबरच्या प्लेटचं उत्तर मला तोंडपाठ होतं. ३०० मिलिमीटर लांब, १२ मिलिमीटर जाड, साधं कार्बन स्टील, मधोमध बट वेल्ड, म्हणजे दोन तुकड्यांच्या कडा समोरासमोर भिडवून केलेला जोड. डाव्या कडेपासून ६२ मिलिमीटरवर वेल्डच्या 'टो'ला, म्हणजे बीड (वेल्डची उंचवट्यासारखी पट्टी) जिथे संपून प्लेट सुरू होते तिथे, १४ मिलिमीटर लांबीची भेग. ही भेग मुद्दाम घडवलेली. आमच्या प्रशिक्षण कार्यशाळेत अशा बऱ्याच प्लेटा आहेत, आणि कुठल्या प्लेटीत काय दडलंय ते सांगणारी मास्टर शीट माझ्या कपाटात कुलूपबंद असते.

त्या आठवड्यात पेनिट्रंट टेस्टचा सराव चालू होता: पेनिट्रंट हा लाल रंग भेगेत मुरू द्यायचा, वरचा पुसायचा, आणि पांढऱ्या डेव्हलपरनं आतला बाहेर ओढून भेग बघायची. प्लेटा पाळीपाळीनं फिरत होत्या. मी बहुतेक वेळ पलीकडच्या टेबलावर अल्ट्रासोनिकवाल्यांबरोबर होतो. शेवटच्या दिवशी सकाळी रिपोर्ट तपासायला बसलो. सात नंबरचे अकरा रिपोर्ट होते. दहांमध्ये 'टो क्रॅक, ६२ वर, लांबी १४'. अकराव्यात एकच ओळ होती: 'इंडिकेशन आढळलं नाही', म्हणजे भेगेची खूणच नाही.

आमच्या मूल्यमापनात भेग सुटली की त्या नमुन्याचे गुण गेले. शून्य लिहिण्याआधी मी त्या मुलीला बोलावलं. मेहनती मुलगी, हात स्वच्छ, तिच्याकडून असं व्हायला नको होतं. मला वाटलं, क्लीनर थेट प्लेटीवर फवारला असणार. नवीन माणसाची ही नेहमीची चूक आहे. जादा पेनिट्रंट काढताना क्लीनर कापडावर घ्यायचा आणि त्या ओलसर कापडानं पुसायचं. थेट फवारला तर भेगेत मुरलेला रंगही धुऊन निघतो, मग डेव्हलपर ओढून बाहेर आणणार काय?

"कापडावरच घेतला होता, सर. मी दोनदा केलं. लाल काही आलं नाही."

"बाकी सगळ्यांना कसं दिसलं मग?"

ती जरा थांबली. "सातमध्ये टो क्रॅक आहे हे मलाही माहीत होतं, सर. सगळ्यांनाच माहीत आहे. पण माझ्या टेस्टमध्ये ती आली नाही."

मी प्लेट टेबलावर ठेवली आणि तिला म्हटलं, माझ्यासमोर कर. तिनं क्लीनरनं प्लेट पुसली, वाळू दिली, पेनिट्रंट मारलं. दहा मिनिटं थांबली. कोरड्या कापडानं पुसलं, मग ओलसर कापडानं, मग पुन्हा कोरड्या. डेव्हलपरचा पातळ, एकसारखा थर दिला. आणखी दहा मिनिटं आम्ही दोघं त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत बसलो.

इथे मला एक कबूल करायचं आहे. चौथ्या-पाचव्या मिनिटाला मला ६२ वर फिकट गुलाबी रेघ दिसली. मी बोट दाखवणारच होतो. मग नजर उजवीकडे नेली, तर तशीच गुलाबी छटा टोच्या कडेनं पार टोकापर्यंत होती. बीड आणि प्लेट यांच्या खाचेत थोडा रंग अडकून राहतोच, ती पुसण्यातली उणीव. भेगेची रेघ वेगळी असते: सुरुवातीला बारीक, कडा रेखीव, आणि मिनिटागणिक रंग वर येत जाऊन गडद होणारी. मला जी दिसली ती फक्त ६२ हा आकडा डोक्यात होता म्हणून दिसली.

मग मी स्वतः टेस्ट केली. पेनिट्रंटला वीस मिनिटं दिली. त्याच डब्यांतलं पेनिट्रंट आणि डेव्हलपर शेजारच्या तीन नंबरच्या प्लेटीवर वापरून बघितलं. तिच्यातली भेग दोन मिनिटांत लालभडक उमटली. म्हणजे रसायनं ठीक, तापमान ठीक, पद्धत ठीक. सात नंबर मात्र गप्प.

भिंग घेऊन टो बघितला तेव्हा थोडा उलगडा झाला. कडेच्या त्या भागात एकाच दिशेनं गेलेले चकचकीत ओरखडे होते. कुणीतरी गंज काढायला ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून फिरवला होता. दिसायला प्लेट स्वच्छ झाली, पण अशा ब्रशखाली वरचा धातू पसरतो आणि भेगेच्या तोंडावर पापुद्र्यासारखा बसतो. पेनिट्रंट केशाकर्षणानं आत शिरतं, त्याला तोंड उघडं लागतं. तोंड बंद असेल तर आत कितीही खोल भेग असली तरी ही टेस्ट ती दाखवू शकत नाही. शिवाय प्लेट वर्षानुवर्षं वापरातली, जुन्या डेव्हलपरची वाळलेली पूडही आत घट्ट बसलेली असणार.

भेग अजून आहे हे दाखवायला मॅग्नेटिक टेस्ट लागणार होती. तीत प्लेट चुंबकित करून लोहकणांची शाई मारतात, भेगेपाशी कण गोळा होतात. एरवी आम्ही पेनिट्रंट आधी करतो, कारण लोहकणांची शाई भेगेत गेली की पेनिट्रंटची वाट बंद होते. इथे ती आधीच बंद होती. पांढऱ्या कॉन्ट्रास्ट पेंटचा हात दिला, एसी योक, म्हणजे दोन पायांचा विद्युतचुंबक, घेतला. त्यानं साडेचार किलोचं वजन उचलून त्याची ताकद तपासली. हा नियम मी कधी गाळत नाही. तोपर्यंत बाकीचे दहाही भोवती जमले होते.

आधी योकचे पाय वेल्डच्या लांबीच्या दिशेनं ठेवले, काळी शाई मारली. काही नाही. भेग चुंबकीय रेषांना समांतर असली की त्या तिच्या कडेनं निघून जातात. मग योक फिरवून पाय वेल्डच्या दोन बाजूंना ठेवले आणि शाई सोडली. ६२ च्या आसपास कण सरकत सरकत गोळा झाले आणि काळी बारीक रेघ उभी राहिली. चुंबकीय क्षेत्राला वरच्या पापुद्र्याची अडचण नव्हती, ते त्याच्यातूनही गळत होतं.

कुणी काही बोललं नाही. मग मी दहा जणांना विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला लाल रेघ दिसली होती?" एक जण म्हणाला, "पुसट दिसली होती, सर." तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. तासाभरापूर्वी मलाही तशीच दिसली होती. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

मी रागावलो नाही. खरं तर मला भीती वाटली. ही मुलं उद्या पाइपलाइनवर, टाकीवर, एखाद्या क्रेनच्या हुकाखाली उभी राहतील. तिथे मास्टर शीट नसते. 'हा वेल्डर चांगला आहे, याच्या जोडात काही निघत नाही' एवढं कुणीतरी कानावर घातलेलं असतं, आणि डोळे तेच बघू लागतात.

दुपारी सगळे गेल्यावर मी जुने रिपोर्ट काढले. सात नंबरचे सगळे, तारखेनुसार लावले. सुरुवातीच्या तुकड्यांत लांबी १२, १५, १३, १४, एकाची तर १६. जागा ६० पासून ६४ पर्यंत. माणसानं पट्टी लावून मोजलं की असंच होतं. कुणी रंग पसरल्यावर मोजतो, कुणी आधी, पट्टी एखादा मिलिमीटर सरकते. मग एक तुकडी आली आणि तिथून पुढे सगळे आकडे सारखे. ६२, १४. ६२, १४. पानामागून पान, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही. तीन तुकड्या मी ते वाचलं होतं आणि मुलं नेमकं मोजायला लागली म्हणून खूष झालो होतो.

उत्तर फुटलं कसं, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच सुमारास मी तासाला दाखवायला नवे फोटो काढले होते. टो क्रॅकचं उदाहरण म्हणून सात नंबरचा फोटो, शेजारी पट्टी ठेवलेली, कोपऱ्यात प्लेटचा नंबर स्वच्छ दिसणारा. कपाटाला कुलूप होतं आणि उत्तर मी दर तुकडीला पडद्यावर दाखवत होतो.

दहाही जणांचे रिपोर्ट मी रद्द केले, तिचा ठेवला. दहा जणांना पुढच्या दोन दिवसांत वेगळ्या प्लेटा दिल्या, नंबर झाकून, आणि त्यांतल्या दोन अगदी निर्दोष होत्या. त्या निर्दोष प्लेटांच्या 'काही आढळलं नाही' अशा रिपोर्टाखाली सही करताना मुलांचे हात अडखळत होते. प्रत्येक जण तीन-तीनदा टेस्ट करून बघत होता. मला ते बघून बरं वाटलं.

सात नंबरचा पेंट आणि शाई उतरवली. टोच्या त्या भागावर नायटलचा, म्हणजे अल्कोहोलमधल्या सौम्य नायट्रिक आम्लाचा, हलका हात दिला. हातमोजे, चष्मा, पंखा सगळं लावून. पसरलेला धातू खाऊन तोंड उघडायचं, भेग रुंद करायची नाही, म्हणून थोडं लावून धुऊन पुन्हा बघत गेलो. मग अॅसिटोनच्या अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवली. आतून करडा गाळ बराच निघाला. ओव्हनमध्ये वाळवली, निवू दिली. तारेचे ब्रश तेव्हापासून या टेबलांच्या आसपास ठेवत नाही, आणि वापर झाला की प्लेटा अॅसिटोनच्या बंद डब्यात जातात.

तिसऱ्या दिवशी प्लेट तिच्या हातात दिली. डेव्हलपर मारल्यावर मिनिटभरातच केसाएवढी लाल रेघ आली आणि हळूहळू गडद होत दोन्ही टोकांनी लांबत गेली. तिनं पट्टी उचलली आणि थांबली.

"सर, आत्ता बारा भरतेय. थांबले तर आणखी वाढेल. किती मिनिटांनी मोजू?"

"दहा मिनिटांनी. आणि किती मिनिटांनी मोजलंस तेही लिही."

तिनं पट्टी खाली ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.