सरपणाचा ढीग हलवला तेव्हा

इंदूरच्या रामबागेतलं घर सोडून आम्ही सिमरोलकडे बांधलेल्या घरात राहायला गेलो, तो पहिलाच पावसाळा. तिन्ही बाजूंना सोयाबीन, मागे नाला, पुढे मी लावलेली बाग. जुलैमधल्या एका पहाटे मुलगा बंबासाठी लाकडं आणायला न्हाणीघरामागे गेला आणि हाक न मारता तसाच मागे मागे येत दारात उभा राहिला. टॉर्चच्या उजेडात ढिगाच्या कडेला काळाभोर, चकचकीत साप होता. अंगावर दोन-दोनच्या जोडीने बारीक पांढरे पट्टे. आम्ही कोणी पुढे गेलो नाही. ह्यांनी लांबूनच त्याच्यावर उजेड धरून ठेवला आणि मी महूच्या बाजूच्या एका सर्पमित्राला फोन लावला.

पाऊण तासाने तो आला आणि साप बरणीत घेतल्यावर त्याने आम्हाला तो नीट दाखवला. मण्यार. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ होती, आणि पट्टे मानेपाशी जवळजवळ नाहीतच, शेपटीकडे ठळक होत गेलेले. बिनविषारी कवड्या सापाचं उलटं असतं, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. हा फरक मला आता पाठ आहे, पण तो ओळखायला जवळ जाऊ नये, हेही त्यानेच बजावलं. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर दंश अनेकदा जाणवतच नाही, खूणही धड दिसत नाही. पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. आमच्या घरात तेव्हा तिघंजण खाली गादी घालून झोपत होते. त्या दिवशीपासून सगळे खाटांवर, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली.

खरी भीती दुसऱ्या दिवशी वाटली, आणि भीतीपोटी आम्ही चुकीचं तेच आधी केलं. दुकानातून कार्बोलिक ॲसिडची बाटली आणली आणि कुंपणाच्या आतून त्याची रेघ ओढली. ओतताना दोन थेंब ह्यांच्या मनगटावर उडाले. बघता बघता तिथली कातडी पांढरी पडली आणि बधिर झाली. नळाखाली किती तरी वेळ हात धरला, मग दवाखाना. तो डाग अजून आहे. आणि ती रेघ? चौथ्या दिवशी दुपारी एक लांबलचक धामण माझ्या डोळ्यांदेखत तिच्यावरून सरसरत मोगऱ्याच्या वाफ्यात गेली. डांबरगोळ्या, लसणाचं पाणी, गंधक, रॉकेल, ज्याने जे सांगितलं ते सगळं आमच्याकडे करून झालं आहे. एकाचाही उपयोग झाला नाही. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर ॲसिड आणूच नका, सापापेक्षा त्याचाच धोका मोठा.

वाट दाखवली ती शेजारच्या शेतकरी काकांनी. त्यांनी आमची ओसरी पाहिली, कोपऱ्यातली सोयाबीनची पोती पाहिली, जोत्यालगतची बिळं पाहिली आणि म्हणाले, "भाभीजी, चूहा बुलाओगे तो उसके पीछे साँप आएगा ही." मग त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. उंदीर आणि साप दोघंही त्या भेगांत राहतात. पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात, बिळांत पाणी भरतं आणि सगळे कोरड्या उंचवट्याकडे निघतात. त्या शेतात उंचवटा एकच होता, आमच्या घराचं जोतं.

मी लगेच कुदळ काढायला निघाले, तर सासूबाईंनी थांबवलं. तिसऱ्या दिवशी नागपंचमी होती. त्या दिवशी आमच्याकडे काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही आणि जमीन तर मुळीच खणायची नाही. "आधी त्याची पूजा, मग तुझं काम," असं म्हणून त्यांनी पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या वाहिल्या, पुरणाची दिंडं उकडली. साप मारायचा नाही हे त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासूनचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हाही आहे. पण त्यांनी कायद्याचं नाव कधी घेतलं नाही. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, षष्ठीला, आम्ही कामाला लागलो.

सगळ्यात जास्त वेळ उंदरांनी खाल्ला. पोती उचलून पत्र्याच्या कोठीत भरली. पाखरांना घालायची बाजरी अंगणातून हलवून लांब बांधावर नेली, तीही सकाळीच आणि संपेल एवढीच. कुत्र्याचं भांडं रात्री उपडं. पिंजरे लावले, पहिल्या आठवड्यात अकरा उंदीर सापडले. विष घातलं नाही, कारण विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, धामणही खाते, आणि मग उंदीर खाणारंच कोणी उरत नाही.

सरपण हलवायच्या दिवशी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि जाड हातमोजे घातले, आणि प्रत्येक लाकूड आधी लांब काठीने उलटवून मग उचललं. ढिगाच्या तळाशी एक कात मिळाली. अखंड, पातळ कागदासारखी, डोळ्यांवरची पारदर्शक टोपणंसुद्धा तशीच शाबूत. सासूबाईंनी ती हातात घेऊन उजेडात धरली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. आता लाकडं घरापासून वीस पावलांवर, दीड फूट उंच लोखंडी घोडीवर असतात. खाली झाडू फिरतो. बांधकामातून उरलेल्या विटा काकांना देऊन टाकल्या.

जोत्याभोवती तीन फूट रुंद मुरूम ठोकून वर फरशी घातली, तेव्हा भिंतीलगतची भेग बंद झाली. मोरीच्या तोंडाला पाव इंची जाळी बसवली, दारांखाली रबराची पट्टी लावली. खिडकीवर चढलेली जुई उतरवताना वाईट वाटलं, पण वेल म्हणजे सरळ शिडीच. रातराणीच्या वासाने साप येतात असं आमच्याकडे सगळेच सांगतात. मी मात्र रात्री टॉर्च घेऊन बसून पाहिलं. ओसरीच्या दिव्यावर किडे, किड्यांवर बेडूक. साप बेडकांसाठी येतो. दिवा फाटकावर नेला, गळणारा हौद दुरुस्त केला, आणि रातराणी आहे तिथेच ठेवली. गवत घराभोवती दहा फुटांपर्यंत आखूड ठेवतो, त्यापलीकडे वाढू देतो. तिथे धामण फिरते. ती बिनविषारी आहे, उंदरांवर जगते, तिला आम्ही हलवत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पहिल्याच दिवशी करावी असं मला मनापासून वाटतं. सर्पदंशावरचं इंजेक्शन आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे दंश व्हायच्या आधी स्वतः जाऊन विचारून ठेवा. आम्ही ते नाव आणि फोन नंबर स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहिला आहे. खाली तेवढंच: चिरा मारू नका, घट्ट बांधू नका, भगताकडे नेऊ नका, माणसाला चालवू नका, गाडी काढा. रखवालदाराच्या बायकोला वाचता येत नाही, म्हणून तिच्याकडून ते तोंडपाठ करून घेतलं.

त्यानंतरच्या तीन पावसाळ्यांत घरात साप आला नाही. कुंपणापाशी दोनदा नाग दिसला, दोन्ही वेळा आम्ही ओसरीवर थांबलो आणि तो नाल्याकडे निघून गेला. या जूनमध्ये मोरीची जाळी एका कोपऱ्यात गंजून बोट जाईल एवढी फाटलेली सापडली. पहिल्या पावसाच्या आत स्टीलची बसवून घेतली.