माझा अनुभव: यंत्र तयार होतं, आडवा आला तो कंपनीचा फॉर्म

पेटंटचा अर्ज, ड्रॉइंग, फी हे सगळं जमतं. खरी अडचण सुरू होते ती कंपनीच्या दारात. मला त्याचा राग अजून आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. नवं यंत्र करून ते एखाद्या कंपनीला लायसन्सवर, म्हणजे मोबदला घेऊन बनवायच्या परवानगीवर, द्यायचा विचार असेल तर वाचा.

आमचं गाव निफाड तालुक्यात. उन्हाळ कांदा काढला की बाया दिवसभर उकिडव्या बसून विळ्याने पात कापतात. मी पायडलवर चालणारं पात कापायचं यंत्र केलं. उलटसुलट फिरणारे दोन रोलर पात ओढून घेतात, खाली पातं असतं आणि कांद्याची मान दोन-अडीच सेंटिमीटर राहावी म्हणून मध्ये एक अडसर असतो. माल चाळीत ठेवायचा तर ही मान सांभाळावीच लागते. अगदी जवळून कापला की कांदा तिथूनच सडायला लागतो. रोलरची यंत्रं जगात आधीपासून आहेत, त्यामुळे माझा पेटंटमधला दावा, म्हणजे "यातलं नवं ते माझं" असं म्हणणं, रोलरवर नाही. तो या अडसरावर आहे. (जुनी पेटंटं शोधताना नुसते शब्द टाकू नका. पेटंटच्या वर्गीकरणात कांद्याची पात आणि साल काढायच्या यंत्रांचा गट ए२३एन १५/०८ आहे. तो टाकल्यावर मला शब्दांनी न सापडलेलं बरंच काही सापडलं.)

प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणारा प्राथमिक अर्ज, ऑनलाइन भरला. स्वतःच्या नावावर अर्ज केला तर फी १६०० रुपये. तिथून १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (दाव्यांसकट पूर्ण वर्णन) दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अर्ज होईपर्यंत मी यंत्र कुठल्याही कृषी प्रदर्शनात मांडलं नाही, कारण आधी जाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही.

मग शेती अवजारांच्या एका मोठ्या कंपनीकडे गेले. नाव लिहीत नाही. त्यांच्या फील्डच्या माणसांनी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे चालेल. यंत्र बघायला लवकर येतो." त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पुढे प्रकरण कंपनीच्या लीगलकडे, म्हणजे कायदा विभागाकडे, गेलं आणि तिकडून एक फॉर्म आला: आधी सही, मग चर्चा.

त्यातलं पहिलं कलम असं, की मी सांगेन ते काहीही गोपनीय धरलं जाणार नाही. हे मी समजू शकते. त्यांचे इंजिनिअर कदाचित त्याच गोष्टीवर काम करत असतील, उद्या भांडण नको. म्हणूनच अशा कंपनीला फक्त अर्जात लिहिलंय तेवढंच सांगायचं. दुसरं कलम मात्र वाचून मी हबकलेच. चर्चेत निघालेल्या सर्व सुधारणांचे हक्क कंपनीचे! प्रोव्हिजनल भरल्यानंतर मी अडसराला स्प्रिंग बसवली होती. त्यामुळे बारीक-जाड कांदा आपोआप जुळतो आणि सालही सोलवटत नाही. ते त्या अर्जात नव्हतं. सही करून यंत्र दाखवलं असतं तर "स्प्रिंग आमच्या चर्चेतून निघाली" असं म्हणायला ते मोकळे. आणि उत्तर किती दिवसांत देणार याचा फॉर्ममध्ये उल्लेखच नाही.

ते एक कलम काढा, एवढंच मी लिहिलं. उत्तर आलं, "लीगलकडे आहे." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. एप्रिल गेला. मे संपत आला, सगळा कांदा चाळीत गेला आणि तेव्हा त्यांची मेल आली: फील्ड ट्रायल कधी दाखवता? शेतीच्या अवजारांचा धंदा करणाऱ्यांना हंगाम कळू नये याचा मला फार संताप आला. पुढच्या उन्हाळ कांद्याची वाट बघायची तर माझे १२ महिने त्याआधीच संपत होते. ते मी कळवलं. त्यावर शेवटचं उत्तर, पेटंट ग्रँट झालं की या. आणि कलम होतं तसंच.

त्या दिवशी ठरवलं, यांच्यासाठी थांबायचं नाही. स्प्रिंगसकट कम्प्लीट स्पेसिफिकेशन भरलं. त्यात हाताने, पायडलने आणि मोटरवर चालणारी अशी तिन्ही रूपं घातली, कारण नुसतं पायडल लिहिलं तर कंपनी मोटर लावून बाजूने निघून जाते आणि मग लायसन्स घेईल कशाला? दावा यंत्रावर लिहा, कापायच्या पद्धतीवर नको. शेतीच्या पद्धतीला पेटंट कायद्याच्या कलम ३(एच) खाली आपल्याकडे पेटंट मिळत नाही. अर्जदार बाई असेल तर फॉर्म १८-अ भरून तपासणी लवकर मागता येते, सोबत लवकर प्रकाशनासाठी फॉर्म ९. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, नियम वाचताना सापडलं.

त्यानंतर एका छोट्या कारखानदाराकडे गेले. त्यांनी दोन पानांच्या गोपनीयता करारावर समोरच सही केली. त्यांनी विचारलं ते वेगळंच: एक नग बनवायला खर्च किती, बेअरिंग बाजारात मिळणारं आहे का, पातं किती दिवसांनी बदलायचं, विळ्याच्या तुलनेत तासाला किती माल होतो. शेजारच्या शेतांवर घेतलेल्या नोंदींची वही मी पुढे ठेवली. पेटंटच्या कागदापेक्षा त्यांनी ती वहीच जास्त वेळ चाळली. वही ठेवाच, तारखा आणि मापं घालून.

करारात मी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. प्रत्येक यंत्रामागे रॉयल्टी, आणि विक्री होवो न होवो, वर्षाला ठरलेली किमान रक्कम. ती नसेल तर यंत्र न बनवता कपाटात ठेवून द्यायला त्यांना काहीच खर्च येत नाही. पेटंट मिळायच्या आधीही असा करार करता येतो. मात्र नक्कल करणाऱ्यावर कोर्टात खटला भरता येतो तो पेटंट मिळाल्यावरच.

आणि हो, राहिलंच. नमुना यंत्र कुणाकडेही सोडताना डिलिव्हरी चलन करा. त्यावर "फक्त चाचणीसाठी, विक्रीसाठी नाही" आणि परतीची तारीख लिहा, समोरच्याची सही आणि शिक्का घ्या. त्या मोठ्या कंपनीने "यंत्र पाठवून तर द्या, कागद नंतर बघू" असंही म्हटलं होतं. मी पाठवलं नाही.